जुनं वाद्य गोड का वाजतं?

डोळखांबच्या पंचक्रोशीत हरिनाम सप्ताह बसला की देवळात एक वाक्य हमखास कानावर येतं. पखवाजावर थाप पडते, घुमारा पार गाभाऱ्यापर्यंत जातो आणि कुणीतरी शेजारच्याच्या कानाशी लागून सांगतं, "आजाच्या वेळचा पखवाज आहे हा. नव्याला असा नाद यायचा नाही." तीच मंडळी हळदीला बेंजोसमोर उभी असली तरी म्हणतात, "जुन्या मशीनचा आवाजच वेगळा होता." मिरजेच्या गल्लीत तानपुऱ्याबद्दल हेच ऐकू येतं आणि गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात तर जुन्या गिटारला नव्याच्या कैकपट किंमत मिळते.

मग खरं काय? वाद्य वयाने गोड होतं, वाजवून वाजवून गोड होतं, की जुनं म्हटलं की आपल्यालाच ते गोड लागतं?

उत्तर शोधायला आधी वाद्याकडे नको, तांदळाच्या कणगीकडे जाऊ. शहापूर-मुरबाडकडे भात पिकवणाऱ्या घरात कुणालाही विचारा, नव्या तांदळाचा भात गिचका होतो. तोच तांदूळ वर्षभर ठेवला की पाणी जास्त पितो आणि शीत न् शीत मोकळं होतं. म्हणून जुन्या तांदळाला मान. पण कणगी ओलीला लागली तर त्याच तांदळात सोंडे होतात. म्हणजे मुरणं आणि खराब होणं, दोन्ही त्याच काळात चालू असतं. वाद्यातही असंच आहे. फरक एवढाच, की वाद्य म्हणजे एक धान्य नव्हे. लाकूड, तार, चामडं, पितळ, कागद असा तो मिसळीचा ऐवज आहे आणि प्रत्येकाचं म्हातारपण वेगळं. एकेक सुटं करून पाहू.

१. एका सुरात किती सूर?

तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला १३० वेळा हलते असं धरा. आपण म्हणतो, हा तिचा सूर. पण ती तार अख्खी हलता हलता अर्ध्यातही हलते, तिसऱ्या हिश्शातही आणि चौथ्या हिश्शातही. त्यामुळे १३० सोबत २६०, ३९०, ५२०, ६५० असे सूर एकाच वेळी निघतात. पहिला मूळ स्वर, बाकीचे उपस्वर. पाचवा, म्हणजे ६५० चा, ऐकायला गंधार लागतो. तानपुऱ्यावर गंधाराची तार नसताना जो 'स्वयंभू गंधार' ऐकू येतो, तो हाच.

पेटी आणि बासरी एकच सूर धरतात, तरी डोळे मिटून ओळखता येतात, कारण दोघींच्या उपस्वरांचं प्रमाण वेगळं असतं. आमटी एकच, पण कुणाच्या घरी चिंच पुढे, कुणाच्या घरी गूळ पुढे. 'नाद', 'गोडी', 'टोन' हे सगळे शब्द या प्रमाणाबद्दल आणि ते उपस्वर किती वेळ टिकतात याबद्दलच आहेत. तेव्हा आपला प्रश्न नेमका असा झाला: वयाने आणि वाजवण्याने उपस्वरांचं हे प्रमाण बदलतं का?

२. लाकूड: कारवीच्या कुडाची गोष्ट

आजा पर्वताच्या पायथ्याच्या पाड्यांवर कारवीचा कूड पाहिला असेल. उभ्या कारव्या, त्यांवर मातीचा लेप आणि लेपात मिसळलेलं तूस. लाकडाच्या पेशीची भिंत साधारण अशीच असते. सेल्युलोज म्हणजे कारव्या, म्हणजे ताकद देणारे लांब धागे. लिग्निन म्हणजे माती, सगळं घट्ट धरणारी. आणि हेमिसेल्युलोज म्हणजे मधलं तूस. हे तूसच हवेतला ओलावा सर्वांत जास्त शोषतं आणि वर्षांमागून वर्षं गेली की सर्वांत आधी तेच झडतं.

परिणाम सोपा आहे. जुनं, नीट ठेवलेलं लाकूड थोडं हलकं होतं, पण त्याचा ताठपणा फारसा जात नाही. पावसाळ्यात ते नव्या लाकडाइतकं पाणी ओढत नाही. ओलं लाकूड कंपन गिळतं, कोरडं लाकूड ते पुढे सोडतं. ओल्या फळीवर आणि उन्हात वाळलेल्या फळीवर बोटाने टकटक करून पाहा, एक 'थप' म्हणते, दुसरी 'टण'.

म्हणजे लाकूड मुरतं ही कल्पना भाबडी नाही. गिटार बनवणारे कारखाने तिचा उपयोगही करतात. गिटारच्या तोंडाची स्प्रूसची पातळ फळी बंद भट्टीत, जवळजवळ प्राणवायू नसलेल्या हवेत, तापवतात. प्राणवायू नाही म्हणून ती जळत नाही, पण हेमिसेल्युलोजचा बराच भाग मोडतो. वर्षानुवर्षांचं काम काही तासांत, असा तो हिशेब. नवा तांदूळ घाईने जुना करण्यातलाच प्रकार.

मिरजेचे कारागीर घाई करत नाहीत. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही कला तिथे एकोणिसाव्या शतकात शिकलगारांच्या हाती रुजली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले आणि तेच हात तारांकडे वळले. दांडीला आणि तबलीला, म्हणजे तोंडावरच्या फळीला, तुणीचं लाकूड, खाली पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानातला भोपळा. हे भोपळे खाण्यासाठी नसतात. मोठी, जाड सालीची फळं पूर्ण वाळवून साठवून ठेवतात. ओला भोपळा वाद्याला लावला तर वाळताना आखडतो आणि जोड सुटतात. म्हणजे वाद्य जन्माला येण्याआधीच त्याचं थोडं वय झालेलं असतं.

३. वाजवल्याने लाकूड 'मोकळं' होतं का?

वय ही एक गोष्ट, वाजवणं ही दुसरी. जगभरचे वादक सांगतात, वाद्य वाजतं ठेवलं की ते खुलतं आणि पेटीत पडून राहिलं की झोपतं. हे तपासायचं तर जुळी वाद्यं हवीत, एक वाजवायचं, एक ठेवून द्यायचं.

ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये नेमकं तेच केलं. एकाच कारागिराने सारख्या लाकडातून दोन व्हायोलिनं घडवली. एक संग्रहालयात ठेवलं, दुसरं व्यावसायिक वादकाच्या हाती दिलं. तीन वर्षांनी दोन्ही पुन्हा वाजवून, ऐकून आणि मोजून पाहिली. दोघांत ठाम म्हणावा असा फरक सापडला नाही.

मग वादकांना जाणवतं ते खोटं का? तसंही नाही. नव्या वाद्यावर रोज दोन तास बसलं की बदलणारी एक गोष्ट नक्की असते, ती म्हणजे वाजवणाऱ्याचा हात. कुठे दाबलं की तार बोलते, किती जोर सोसतो, कुठे हलकं घ्यायचं, हे बोटांना कळत जातं. नवी चप्पल पायाला बसते तेव्हा थोडी चप्पल बदलते आणि थोडा पाय. वाद्याच्या बाबतीत पायाचा वाटा आपण विसरतो.

४. तार: जिला म्हातारपण सोसत नाही

लाकडाच्या अगदी उलट तार. नवी तार सर्वांत छान वाजते आणि पहिल्या दिवसापासून उतरणीला लागते. त्यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं, ती सैल पडते. हे आकड्यांत पाहू. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ताण चौपट केला तर सूर दुप्पट. उलट ताण फक्त २ टक्के उतरला तर सूर साधारण १ टक्का उतरतो, म्हणजे १३० चा सुमारे १२८.७. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटेल. पण जोडीची तार १३० वर असेल तर दोघींमध्ये सेकंदाला १.३ वेळा, म्हणजे दहा सेकंदांत तेरा वेळा, आवाज फुगेल आणि बसेल. हा 'व्यांव-व्यांव' हेलकावा कुणालाही कळतो. सूर मिळवणारा माणूस कान लावून हेच हेलकावे मोजत असतो. ते लांबत लांबत थांबले की तारा मिळाल्या.

दुसरं कारण घामाचं. घाम, धूळ आणि गंज तारेवर सगळीकडे सारखे बसत नाहीत. कुठे जाड थर, कुठे पातळ. मग तारेचे हिस्से सारखे हलत नाहीत आणि २६०, ३९०, ५२० असे नेमके उपस्वर थोडे थोडे चुकतात. सूर मिळवूनही तार 'मेलेली' वाटते ती यामुळे. खुंटी पिळून ती जिवंत होत नाही, बदलावीच लागते.

५. घोडी: झिजेवर बेतलेला नाद

आता मधली गोष्ट, जिथे झीज हीच कारागिरी आहे. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा धारदार नसतो. तो रुंद आणि किंचित उतरता असतो. तार हलताना त्या उताराला हलकेच घासत राहते आणि त्या घासण्यातून वरचे उपस्वर पुन्हा पुन्हा जागे होतात. हीच जवारी. सुताचा दोरा तारेखाली केसभर पुढेमागे सरकवला की तिचं तोंड उघडतं किंवा मिटतं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणा यांच्यावर निबंध लिहिला. साध्या नियमाने जे उपस्वर गैरहजर असायला हवेत तेही इथे ऐकू येतात, आणि त्याचं मूळ या घोडीत आहे, हे त्यांनी दाखवलं.

वर्षभर वाजवलं की तार घोडीवर बारीक चरी पाडते. चर पडली की तारेला उतारावर मोकळं घासता येत नाही, नाद कर्कश होतो किंवा बंद पडतो. मग कारागीर बारीक कानस आणि पॉलिशकागद घेऊन तो माथा पुन्हा सारखा करतो. याला 'जवारी काढणं' म्हणतात. दोन-चार हात कमीजास्त झाले तर वाद्याचा स्वभाव बदलतो. मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे काम स्वतः जाणत होते, तानपुरे दुरुस्त करण्यात त्यांचा हात होता. 'खाँसाहेबांच्या काळचा तानपुरा' गोड लागत असेल तर त्यात जुन्या लाकडाइतकाच वाटा अलीकडे कुणी जवारी काढली, याचा आहे.

६. पखवाज: आजाचं काय आणि काल बदललेलं काय

आता देवळातल्या त्या पखवाजाकडे जाऊ. हाताळून पाहा. खोड शिसवीचं किंवा खैराचं, जड. दोन्ही तोंडांना कातड्याची पुडी. कडेला गजरा, त्यातून ओवलेली वादी आणि वादीखाली लाकडी गट्टे. उजव्या तोंडावर काळी शाई. डाव्यावर वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापायची आणि भजन संपलं की खरवडून काढायची.

कोरं कातडं ताणून वाजवलं तर सूर लागत नाही, नुसता ढब आवाज येतो. का, तर कातड्याचे उपस्वर तारेसारखे शिस्तीत नसतात. मूळ स्वर १०० असेल तर पुढचा २०० वर न येता १५९ च्या आसपास येतो. शाई मधोमध वजन घालते आणि हे भरकटलेले उपस्वर ओढून २००, ३०० च्या जवळ आणते. हे कोडंही रामन यांनीच, शिवकाली कुमार यांच्याबरोबर, १९२० साली जगापुढे मांडलं. शाईत लोखंडाची पूड असते आणि तिला धरायला भाताची किंवा पिठाची खळ. एकेक पातळ थर द्यायचा, वाळवायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटताना शाईला केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या हव्याच असतात. त्यांच्यामुळे जड शाई अखंड पापुद्र्यासारखी ताठ न राहता कातड्याबरोबर वाकते.

आता वय मोजा. कणीक: आजची. शाई: वाजवून तिचे कण उडतात, म्हणून अधूनमधून नवी. पुडी: फाटली किंवा ढिली पडली की बदललेली. वादी: ओढून ओढून तुटली की नवी. आजाच्या वेळचं म्हणावं असं खोड तेवढं उरतं. आणि पखवाजाच्या नादात सर्वांत मोठा वाटा कोणाचा, तर कातडं आणि शाई यांचा. खोड आवाजाला पोकळी देतं, जड असल्यामुळे कंपन वाया जाऊ देत नाही, पण बोलतं ते कातडं.

पावसाळ्यात हे लगेच कळतं. आषाढ-श्रावणात इथे हवाच ओली असते. कातडं ओलावा पितं, सैल पडतं आणि पखवाजाचा सूर खाली उतरतो. बुवा मग गट्ट्यांवर हातोडी मारतात, नाहीतर शेगडीजवळ पखवाज फिरवून शेकतात. एका संध्याकाळच्या ओलीने जितका नाद बदलतो, तितका खोडाच्या कित्येक वर्षांच्या वयानेही बदलत नाही.

शेजारची पेटीही अशीच, सतत देखभालीवर टिकणारी. तिचे सूर म्हणजे पितळी पट्ट्या. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर त्यासाठी नावाजलेले. नवी पट्टी घडवताना धातूत ताण राहतो, तो वाजता वाजता निवतो आणि सूर जरासा सरकतो, म्हणून नवी पेटी काही काळाने पुन्हा सुरात आणावी लागते. पट्टीचं टोक कानशीने घासलं की ते हलकं होऊन सूर चढतो, मूळ घासलं की पट्टी लवचिक होऊन सूर उतरतो. वीस वर्षं सुरात असलेली पेटी म्हणजे कुणीतरी वीस वर्षं कानस चालवलेली पेटी.

७. बेंजो आणि मशीन

भजनाच्या पलीकडे इथल्या हळदीत, गणपतीत वाजतो तो बेंजो. त्याचा पूर्वज जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारखी बटणं लावून तारवाद्य केलं, तायशोगोतो. भारतात ते बुलबुल तरंग झालं आणि ठाणे-रायगडच्या मिरवणुकीत पिकअप लावून बेंजो. पिकअप म्हणजे तारेची हालचाल विजेच्या लहरीत बदलणारा भाग. इलेक्ट्रिक गिटारमध्येही तेच असतं, लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. ती लहर फार क्षीण असते. तिला मोठी करणारा तो ॲम्प्लिफायर, गावच्या भाषेत मशीन.

मशीनला आढं असतं. लहर त्याहून उंच झाली की डोकं आपटतं. साधं ट्रान्झिस्टर मशीन अशा वेळी लहरीचा माथा सपाट छाटतं आणि आवाज चिरकतो. जुन्या काळचे काचेचे व्हॉल्व्ह तो माथा हळूहळू गोल करतात. त्यातून नवे उपस्वर जन्मतात, पण कानाला ते भरदार लागतात. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानाने १९६२ साली अमेरिकी फेंडर बासमनवरून आपला पहिला ॲम्प्लिफायर केला आणि पुढे रॉक गिटारचा आवाज याच गोल माथ्यावर उभा राहिला. लोक 'जुन्या मशीनची गोडी' म्हणतात ती बरीचशी रचनेची असते, वयाची नव्हे. आजच नवा व्हॉल्व्ह बसवला तरी ती मिळते.

वय मशीनला काय करतं? व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या भागावरचा लेप झिजतो, जोर कमी होतो. कपॅसिटर नावाच्या डब्यांतला ओला द्रव आटतो. त्यांचं काम विजेचे चढउतार सपाट करणं, पाण्याच्या टाकीसारखं. टाकी आटली की चढउतार आवाजात उतरतात. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, मशीनमध्ये ती सरळ करताना त्याचे १०० होतात आणि म्हणून म्हातारं मशीन गाणं नसतानाही १०० च्या खर्जात गुणगुणत बसतं. ही गोडी नव्हे, दुखणं आहे.

मुरतो तो स्पीकर, तोही थोडाच. त्याचा कागदी कोन कडेला आणि मागे जिथे अडकवलेला असतो, तो भाग नवा असताना कडक असतो. सुरुवातीच्या काही तासांच्या वाजवण्यात तो सैलावतो आणि खालचे सूर जरा मोकळे होतात. पुढे त्यात फारसं काही घडत नाही. ओलीत ठेवला तर मात्र कागद फुगतो.

८. कानांची परीक्षा

जुन्याची सर्वांत मोठी कीर्ती आहे इटलीच्या स्ट्रॅडिव्हरीच्या व्हायोलिनांची, वय तीनशेच्या आसपास. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एक परीक्षा झाली. हॉटेलच्या खोलीत उजेड मंद केलेला, वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे, वाद्यं सहा, तीन जुनी आणि तीन नवी. २१ वादकांनी ती वाजवली. सर्वांत जास्त आवडलेलं वाद्य नवं निघालं आणि सर्वांत कमी आवडलेलं स्ट्रॅडिव्हरीचं. २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामवंत एकल वादकांना बारा वाद्यं दिली. सहा जणांनी नवं निवडलं, आणि जुनं कोणतं, नवं कोणतं हे ओळखताना त्यांचा अंदाज छापा-काट्याहून फार चांगला ठरला नाही.

जुनी वाद्यं वाईट असतात, असा याचा अर्थ नाही. ती उत्तम होतीच. पण डोळ्यांनी वय पाहिलं की कान त्यात भर घालतात.

आणखी एक हिशेब राहतो. आजाच्या काळी या भागात जेवढे पखवाज घडले, त्यातले किती उरले? ज्यांचं खोड तडकलं, ज्यांना नाद नव्हता, ते कधीच चुलीत गेले किंवा माळ्यावर कसर लागून संपले. जे चांगले होते त्यांनाच कुणीतरी नवी पुडी चढवली. आज आपण जुने पखवाज ऐकतो म्हणजे निवडून उरलेले ऐकतो. बियाण्यासाठी राखलेलं भात पाहून त्या वर्षी शिवारातलं सगळंच पीक असं होतं, असं म्हणण्यासारखं आहे ते.

९. तर मग?

लाकूड खरंच मुरतं, हळूहळू आणि थोडंसं. तार, कातडं, शाई, कपॅसिटर मुरत नाहीत, झिजतात. घोडी झिजते, पेटीच्या पट्ट्या सुरातून सरकतात, पण जाणत्या हाताने घासल्या की दोन्ही पुन्हा बोलतात. वाजवण्याने वाद्यापेक्षा वादक जास्त घडतो. आणि वाजतं वाद्य चांगलं राहतं याचं साधं कारण हे, की त्याच्याकडे रोज कुणाचं तरी लक्ष असतं. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहाऱ्यागणिक ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. अशा वीणेची सैल झालेली तार तासभरही लपून राहत नाही.

पटत नसेल तर स्वतः करून पाहा. पखवाज असो की गिटार, ज्येष्ठात पाऊस पडण्याआधी एकच थाप किंवा एकच तार, हातभर अंतरावर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा. तीच श्रावणात करा, तीच कार्तिकात, तीच पुडी किंवा तार बदलल्यावर. मग चारही आवाज, नावं न सांगता, गावातल्या जाणत्या बुवांना ऐकवा आणि विचारा, यातला आजाच्या वेळचा कोणता?